खटाववाडीची पत्रं

‘छान जमलंय’ म्हणून पाठ थोपटायला वेळ लागत नाही. गिरगावात खटाववाडीतल्या ‘मौज’ प्रकाशनाच्या कचेरीत मात्र एवढ्यावर भागत नसे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक हस्तलिखित बारकाईने वाचत आणि लेखकाला सविस्तर पत्र धाडत. कथा कुठे रेंगाळली, कुठलं पात्र पुसट राहिलं, शेवट उरकल्यासारखा का वाटतो, याची त्यात चर्चा असे. मग लेखकाने पुन्हा लिहायला बसायचं.

बोलणं समोरच्या कागदापुरतं असे. लेखकाची लायकी कुणी काढत नसे.

सगळ्यांनाच हे मानवलं असं नाही. नव्या लेखनाला इथे दार बंद आहे, असा आरोप झाला. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. १९८२ मध्ये मासिक बंद पडलं. तरी त्या पत्रव्यवहाराचं ऋण अनेक लेखकांनी मोकळेपणाने मान्य केलंय.

कुणी आपलं लिखाण विश्वासाने हाती दिलं, तर निदान एका परिच्छेदावर बोट ठेवून काय खटकलं ते सांगा. आणि दुसरा खर्डा आला, तर तोही वाचा.