राख पुसायची राहिली

जपानला ऑनसाइट जाऊन आलेल्या आमच्या टीम लीडनं मला एक कप गिफ्ट दिला. तपकिरी, खडबडीत, कान नसलेला. ‘बिझेन आहे, जपून वापर!’ म्हणाली. मग लंच ब्रेकमध्ये अख्ख्या टीमला लेक्चर. ओकायामा प्रांतातलं बिझेन या भांड्यांसाठी कित्येक शतकं प्रसिद्ध आहे. तिथे वरून ग्लेझ लावत नाहीत. भट्टीत पाइनची लाकडं आठवडा-दोन आठवडे रात्रंदिवस जळतात. आच १२०० अंशांच्या आसपास गेली की उडणारी राख भांड्यावर बसते, मातीतल्या सिलिकाबरोबर वितळते आणि तिचीच काच होते. राख नेमकी कुठे बसेल, ते पूर्णपणे कुंभाराच्या हातात नसतं. त्यामुळे दोन कप कधी सारखे नसतात.

सगळे ‘वॉव’ म्हणाले. मीही म्हणालो. माझे वडील कुंभार आहेत, हे मात्र म्हणालो नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, ‘लातूरला बिझनेस आहे.’

संक्रांतीच्या आधीच्या वीकेंडला घरी गेलो. गंजगोलाईत सुगडं विकायला न्यायची होती, म्हणून अण्णा आवा उघडत होते. नांदेडहून मामाही मदतीला आलेले. कप दाखवला. अण्णांनी तो बोटाच्या पेरानं वाजवला. टण्ण!

‘पक्कं भाजलंय.’

‘पण ह्यात पाणी गार न्हाई व्हायचं,’ मामा म्हणाले.

करेक्ट! आपल्या माठाला बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. बिझेनचं भांडं भाजून इतकं घट्ट होतं, की झिरपणं जवळपास बंदच.

‘आपण पण एवढं तापवलं तर?’

‘खाली बसंल की मडकं!’

आमचा आवा गोवऱ्या-तुराट्यांचा, एका रात्रीचा. आच फार तर ८००-९०० अंश. आमच्या मातीला त्याहून जास्त सोसत नाही. राख इथेही उडते, पण एवढ्या आचेला तिची काच होत नाही.

मी कपावरचे पिवळसर ठिपके दाखवले. ‘याला तिकडे गोमा म्हणतात. म्हणजे तीळ.’

अण्णा हसले. ‘राख तर आपल्याबी मडक्यावर पडती. आपण फडक्यानं पुसून टाकतो. गिऱ्हाइकाला चालत न्हाई.’ मग सहज विचारावं तसं म्हणाले, ‘हापिसात सांगितलास का, आपलंबी हेच काम हाय म्हणून?’

मी खाली बघून सुगडं उचलायला लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तेच जास्त लागलं. माझ्या गिऱ्हाइकांना चालणार नाही म्हणून मी तरी दुसरं काय करत होतो? अण्णांनाच पुसून टाकत होतो.

निघताना एक सुगड न पुसताच बॅगेत टाकलं. सोमवारी ते डेस्कवर, त्या कपाशेजारी ठेवलं.

‘सो क्यूट! कुठून घेतलंस?’ टीम लीडनं विचारलं.

‘घेतलं नाही. माझ्या वडिलांनी केलंय. कुंभार आहेत ते.’

‘आणि हे तू आत्ता सांगतोयस? त्या दिवशी मी एवढं लेक्चर झोडलं तेव्हा गप्प बसलास?’ तिनं सुगड हातात घेऊन फिरवलं. बोटं करडी झाली. ‘अरे, राख पुसायची राहिली वाटतं.’

‘राहू दे,’ मी म्हटलं.