सुट्टी उन्हाळ्याची, पण कोणाची?

मे महिन्यात आमच्या नवापुरात सकाळी नऊ वाजताच पदर घामानं भिजतो. गाव समुद्राकाठी असूनही! पारा फार चढत नाही, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. मुलांना शाळेची सुट्टी, बोईसर-तारापूरला नोकरीवर जाणाऱ्यांना चार दिवसांची रजा, आणि आपल्याला? मसाला कुटून आणायचा, पापड वाळवायचे, सुके बोंबील पावसाआधी डब्यात भरायचे. बेगमीचे दिवस ना ते! त्यातूनही गेल्या काही वर्षांत थंड हवेची तीन ठिकाणं पाहून झाली. त्यांचा हा हिशेब, मैत्रिणींनो, तुमच्याही उपयोगी पडावा.

पहिलं ठिकाण घराजवळचंच, जव्हार. पालघरहून मनोर, विक्रमगड करीत एस.टी. वर चढते. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, सूर्यास्त पाहायची जागा, १६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज थांबले होते तो शिरपामाळ, असं सगळं दोन दिवसांत आरामात होतं. मात्र अपेक्षा बेतानं ठेवावी. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते आणि जव्हार आहे जेमतेम साडेचारशे मीटरवर. म्हणजे फरक तीन अंशांचा. दुपारी ऊन लागतंच. पण संध्याकाळी वारा सुटला की कोरडं, हलकं वाटतं. दाभोसाचा धबधबा पाहायचा तर पावसाळा संपता संपता जावं, मेमध्ये त्याला पाणी नसल्यासारखंच.

दुसरं माथेरान. उंची आठशे मीटर, गर्द झाडी, आणि मोटारींना गावात बंदी, त्यामुळे मुलं मोकळी सोडता येतात. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ सालची. तिच्यात मुलांचा सगळा शीण जातो. तिथं आम्ही स्वयंपाकघरासकट बंगला घेतला. "घरचं जेवण मिळेल, खर्चही वाचेल," असा सगळ्यांचा विचार. माणसं नऊ. सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी, चारला चहा, रात्री खिचडी. सगळे सूर्यास्त पाहून आले तेव्हा मी आणि सासूबाई कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. परतीच्या गाडीत हे म्हणाले, "काय छान विश्रांती झाली, नाही?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सासूबाईंची सत्तरी झाली. मुलानं विचारलं, "आजी, तुला काय हवं?" त्या पटकन म्हणाल्या, "एकदा विमानात बसायचंय. आणि चार दिवस चूल नको." तेव्हाच सिमला ठरलं.

डहाणू लोकलनं अंधेरी, तिथून रिक्षानं विमानतळ. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून तिकीट काढतानाच चाकांच्या खुर्चीची नोंद केली होती. ती फार सोयीची पडते; आयत्या वेळी धावपळ करू नये. सामान भरताना ध्यानात ठेवा: सुरी, कात्री हातातल्या पिशवीत चालत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेण्याचं भय म्हणून ते मुळीच नेऊ नये. औषधं मात्र हाताशीच हवीत. विमान खाली उतरताना कान दडे बसतात. खडीसाखर चघळत वरचेवर आवंढा गिळावा. तान्ह्या बाळाला त्या वेळी दूध पाजावं. विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. म्हणून दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सासूबाई खिडकीशी बसल्या. जन्म समुद्राकाठी गेलेला, पण वरून तो पाहून म्हणाल्या, "एवढा समुद्र, आणि लाट कशी दिसत नाही गं?"

चंदीगडला उतरलो तर भट्टीसारखं ऊन! तिथून काल्का, आणि पुढे सिमल्याची छोटी गाडी. ही १९०३ सालची. ९६ किलोमीटरची वाट आणि शंभरावर बोगदे. सिमला आहे बावीसशे मीटरवर, त्यामुळे मेमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो. चढ-उतार मात्र फार. आम्ही हॉटेल घेतानाच दोन गोष्टी विचारल्या: जिने किती, आणि सकाळचा चहा-नाश्ता खोलीत मिळेल का.

पहिल्या सकाळी पोऱ्यानं चहाचा ट्रे आणून ठेवला. सासूबाई शाल गुंडाळून खिडकीत बसल्या होत्या. कप हातात घेऊन बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्नाला बावन्न वर्षं झाली. सकाळचा पहिला चहा मी न करता मला कधी मिळाला, आठवत नाही." मी काय बोलणार? मलाही आठवत नव्हतं.

विमानाला पैसे पडतात, हे खरंच. ते दर वर्षी आम्हाला झेपायचे नाहीत, आणि तशी गरजही नाही. यंदा पुन्हा जव्हारला गेलो. दोनच रात्री, खर्च बेताचा. पण जेवण खानावळीत आणि स्टोव्ह घरी. पापड मुलांनी आणि ह्यांनी निघण्याआधीच्या रविवारी लाटू लागले. गोल झाले नाहीत, पण तळल्यावर कोणाला कळलं नाही.

तेव्हा यंदा घरात "कुठं जायचं?" असा विषय निघाला की उंची, भाडं, तिकीट सगळं पाहाच, पण त्याआधी तिथं सकाळचा चहा कोण करणार, ते विचारून घ्या.