सपाट सड्यावरचे उंचसखल

एकमेकींना खेटून मांडलेल्या दोन चौकटींतली झाडं इतकी वेगळी कशी, या कोड्याने मला साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चक्रावून सोडलं. वर्षाऋतू सरत आलेला. पाऊस दोन्हीकडे सारखाच, उन्हाला आडोसा कुठेच नाही. तरी एका चौकटीत सीतेची आसवं आणि गेंद दाटीवाटीने फुललेले. शेजारी मात्र तेरडा आणि गवत. वहीत नावं उतरवता उतरवता मी पार गोंधळून गेले.

सोबतच्या जाणकार ताईंनी हातात सळई दिली. "दोन्हीकडे खुपसून बघ." पहिल्या चौकटीत ती नखभर मातीखालच्या जांभ्यावर टणकन आपटली. दुसरीत बोटभर खोल गेली.

जांभ्याच्या कवचात पाणी सहजी मुरत नाही. पातळ मातीतून ते पावसाळाभर झिरपत राहतं आणि पोषणद्रव्यं धुऊन नेतं. गवताला तिथे जोम धरता येत नाही. सीतेची आसवं मात्र जमिनीतल्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतात, दवबिंदू ही वनस्पती चिकट पानांवर किडे धरते, आणि नत्राची उणीव भरून निघते. चार पावलांवरच्या डबक्यात वायतुरा असतो. पाणी आटलं की तो कंदाच्या रूपात तग धरतो. सुट्या दगडांखालच्या गारव्यात विंचू आणि पाली राहतात. म्हणजे मला एकच माळ दिसत होता, तिथे कितीतरी वेगळी घरं होती!

२०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावर फुलझाडांच्या सुमारे ८५० जाती नोंदल्या आहेत. त्या आकड्यामागे सड्याची हीच उंचसखल रचना आहे, हे मला आता पटतं.

म्हणूनच जीव तुटतो. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. कोकणातल्या सड्यांवर सुरुंग लावून खड्डे काढतात, बाहेरची माती भरतात आणि आंबा-काजूची कलमं लावतात. बाग हिरवीगार दिसते, पण डबकं, भेग, नखभर माती हा सगळा भेद बुजून जातो आणि त्या भेदावर जगणारे जीवही जातात. उघड्या कातळावर हिरवाई आणण्याची आपल्याला फार घाई असते. सड्याला ती नको आहे. तिथले दगड उचलू नयेत, खळगे भरू नयेत, पाण्याची वाट अडवू नये. एवढं पाळलं तरी पुरे.