किल्ली आतच राहिली तर

रात्रीचे साडेअकरा. दोन नवे हायपर-व्ही होस्ट रॅकमध्ये बसले. डोमेनमध्ये घ्यायचे की नाही, इथंच गाडी अडलीय. आमचा डोमेन कंट्रोलर याच होस्टवरचं व्हर्च्युअल मशीन. वीज जाऊन परत आली की होस्ट आधी उठणार, कंट्रोलर मागून. म्हणजे किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणं! लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड लिफाफ्यात असला, की ही भीती निम्मी होते म्हणा. खरी धास्ती वेगळीच: डोमेन कुणाच्या हाती लागलं, की होस्टही गेले. 2024 मध्ये उघड झालं: हायपर-व्हीसारख्याच ईएसएक्सआयचा होस्ट डोमेनला जोडलेला असला, तर त्या डोमेनमध्ये 'ईएसएक्स अ‍ॅडमिन्स' नावाचा गट नुसता बनवायचा, त्यातल्या सगळ्यांना होस्टचा पूर्ण ताबा मिळायचा. खंडणीखोरांनी तेच केलं. पण डोमेनशिवाय क्लस्टरमध्ये लाइव्ह मायग्रेशन विंडोज सर्व्हर 2025 पासून, आणि आमच्याकडे 2019! होस्टपुरतं वेगळं छोटं डोमेन मागावं म्हणते. साहेब आधी खर्च विचारतील.