उंबरठ्याचे ऋण

१९९० साली आम्ही पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. भोजनगृहात शेजारी बसणारा गोव्याचा सहाध्यायी एरवी मितभाषी. परंतु शशिकला काकोडकर हे नाव निघाले की त्याचा घास हातातच राही. शिक्षणमंत्री या नात्याने ताईंनी प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान मराठी-कोकणी माध्यमापुरते ठेवले होते आणि चर्चच्या शाळांना इंग्रजी सोडून कोकणीकडे वळावे लागले होते. आम्ही वसईचे, मराठीतून शिकलेले. त्याची तळमळ आम्हाला पुरती उमगली नाही.

सुट्टीत त्याच्या गावी गेलो. मातीच्या भिंतींचे, कौलारू, लहानसे घर. त्याची आई सांगू लागली : जागा भाटकाराची, त्याने ऊठ म्हटले की उठायचे. मग कायदा आला आणि हा उंबरठा आपला झाला. तो १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा, ताईंच्याच राजवटीतला. मित्र मान खाली घालून ऐकत होता.

वडील भाऊसाहेब बांदोडकर ऑगस्ट १९७३ मध्ये निवर्तले आणि अडतिसाव्या वर्षी ताई गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. पित्याची पुण्याई, असे म्हणणारे होतेच. परंतु १९७६ ची कूळकायद्याची दुरुस्ती जमीनदारांना रुचणारी नव्हती. ती त्यांनी केली. भाटकार हिंदू होते तसे ख्रिस्तीही, आणि मुंडकारही तसेच. कायद्याने धर्म विचारला नाही. १९७७ साली ३० पैकी १५ जागा जिंकून त्या पुन्हा सत्तेवर आल्या. १९७९ च्या एप्रिलमध्ये स्वपक्षीयांनीच साथ सोडली आणि सरकार कोसळले.

त्यांचा पक्ष विलीनीकरणवादी. १९६७ च्या जनमत कौलात बहुसंख्य ख्रिस्ती बांधव विरुद्ध बाजूस उभे राहिले. तेव्हापासूनचा दुरावा मनातून गेला नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ताई निवर्तल्याचे कळताच आम्ही मित्राला दूरध्वनी केला. तोही आता धर्मगुरू. म्हणाला, "शाळांबाबत माझा विरोध आजही कायम आहे. पण आई असती तर आज तिने मेणबत्ती लावली असती. म्हणून मी लावली."

आम्ही निरुत्तर झालो. शत्रूवर प्रीती करा, असे वेदीवरून आम्ही कितीदा सांगितले. पण ज्याच्याशी आपले पटत नाही त्याचे उपकार मोकळेपणाने मानावेत, एवढी साधी गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. त्या रविवारच्या प्रवचनात ती प्रथमच सांगितली. सांगताना डोळ्यांपुढे तो उंबरठा होता.