बल्ब गेलेलाच नव्हता

गाडीच्या पुढच्या दोन दिव्यांपैकी एक बंद पडला, तर तो कुठल्या बाजूचा आहे याला आपल्याकडे फार महत्त्व असतं. डावा गेला तर झाडं, साइडपट्टी आणि मैलाचे दगड दिसत नाहीत. उजवा गेला तर समोरच्याला आपली गाडी दिसत नाही. म्हणजे दिसते, पण मोटरसायकल म्हणून! त्याला वाटतं कडेनं एक बाइकवाला चाललाय, मधला रस्ता रिकामा आहे. आणि त्या रिकाम्या रस्त्यात नेमके आपण स्टीअरिंग धरून बसलेले असतो.

आमच्या गाडीचा नेहमी उजवाच जायचा.

गाडी बाबांची. बारा वर्षं जुनी हॅचबॅक. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण हा आजार कुठल्याही कंपनीच्या जुन्या गाडीला होऊ शकतो. बाबा महिन्यातून एकदा पुण्याहून ताम्हिणी घाटानं माणगावकडे जातात, आणि 'ऊन लागायच्या आत पोचलं पाहिजे' या तत्त्वावर पहाटे चारला घर सोडतात. ताम्हिणीत त्या वेळी ठार काळोख, आणि पावसाळ्यात वरून धुकं. अशा रस्त्यावर एका दिव्यावर गाडी चालवणं मला अजिबात पसंत नव्हतं. बाबांचं म्हणणं, "अरे, एक आहे ना चालू!" (बाबा पिढीनं एका दिव्याच्या स्कूटरवर आख्खा महाराष्ट्र पालथा घातलाय, त्यांना काय सांगणार.)

तर वर्षभरात तो दिवा तीनदा गेला. पहिल्या दोन्ही वेळा गॅरेजवाल्यानं बल्ब बदलला, दिवा लागला, पैसे दिले, विषय संपला. तिसऱ्या वेळी मात्र तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "वायरिंग गेलंय साहेब, पूर्ण हार्नेस बदलायला लागेल." साडेसहा हजार. हे ऐकून बाबा गाडी घेऊन सरळ घरी आले.

शनिवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. त्याआधी एक मजेशीर गोष्ट हाती लागली होती. बाबा कुठलीही वस्तू टाकून देत नाहीत. बदललेले दोन्ही 'गेलेले' बल्ब त्यांनी नव्या बल्बच्या खोक्यांत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये जपून ठेवले होते. मी सहज म्हणून मल्टिमीटर लावला. बीप. दुसऱ्याला लावला. बीप. म्हणजे फिलामेंट शाबूत! खात्रीसाठी दोन तारा धरून थेट बॅटरीवर लावून बघितले, तर दोन्ही बल्ब डोळे दिपतील असे पेटले. वर्षभर आम्ही चांगले बल्ब काढून चांगले बल्ब बसवत होतो.

मग नवा बल्ब घातला की दिवा लागायचा कसा?

हे समजायला तो सांधा कसा असतो ते बघायला लागतं. हा एच-४ जातीचा बल्ब, १२ व्होल्टचा, ६०/५५ वॅट. म्हणजे एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५. मागे तीन चपट्या पिना. त्यांच्यावर एक प्लॅस्टिकचा होल्डर दाबून बसतो आणि होल्डरच्या आत पितळी पट्ट्यांच्या चिमट्यांनी प्रत्येक पिन धरलेली असते. डिपर लावला की साडेचार अँपियरच्या वर करंट या चिमट्यांतून जातो. चिमटा घट्ट असेल तोवर काही नाही. पण बारा वर्षांची उष्णता, धक्के आणि दमट हवा खाऊन चिमटा थोडा ढिला होतो, त्यावर काळपट थर बसतो. झाला रेझिस्टन्स तयार. रेझिस्टन्समधून करंट गेला की उष्णता, उष्णतेनं चिमट्याचा ताण आणखी कमी, म्हणून रेझिस्टन्स आणखी जास्त, म्हणून उष्णता आणखी... आमच्या भाषेत सांगायचं तर बाहेर पडायची अट नसलेला लूप. शेवटी एक दिवस संपर्क तुटतो आणि दिवा जातो.

आता गॅरेजवाला काय करतो? होल्डर ओढून काढतो, नवा बल्ब घालतो, होल्डर परत दाबतो. या ओढाताणीत चिमटे घासले जातात, काळा थर थोडा खरवडला जातो आणि संपर्क परत जुळतो. जुनाच बल्ब परत घातला असता तरी दिवा लागलाच असता! सर्व्हर अडकला की रीस्टार्ट करायचा, चालू झाला की तिकीट क्लोज. दोन महिन्यांनी तेच तिकीट पुन्हा. गॅरेजवाल्यावर फार रागावताही येत नाही, कारण त्याच्यासमोर दिवा खरंच लागलेला असतो. पण 'पूर्ण हार्नेस' म्हणण्याआधी होल्डर उलटा करून बघायला काय हरकत होती? मी बघितला. एका पिनेच्या जागी पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन विरघळलं होतं आणि तिथली तार पापडासारखी कडक झाली होती.

तरी मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा नियम. होल्डर मिलिमीटरभर मागे ओढला की बल्बच्या पिना जरा उघड्या दिसतात, तिथे प्रोब टेकवता येतात. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. डाव्या बल्बवर १३.१. उजव्यावर ११.६. दीड व्होल्टचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, साधारण ३.४ व्या घातानं घटतो. हिशोब केला तर उजवा दिवा 'चालू' असतानाही डाव्याच्या दोन तृतीयांशच प्रकाश देत होता. आणि हरवलेला दीड व्होल्ट गुणिले साडेचार अँपियर, म्हणजे जवळजवळ ७ वॅट, त्या एवढ्याशा होल्डरमध्ये उष्णता बनून बसले होते. प्लॅस्टिक तपकिरी न होईल तर काय होईल!

दुपारी नाना पेठेत गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पुण्यात दुसरीकडे कुठे जायचं? दुकानदारानं दोन होल्डर पुढे टाकले. एक प्लॅस्टिकचा, एक चिनी मातीचा, म्हणजे सिरॅमिकचा. दुसरा ९० रुपये, सोबत वीतभर तारा जोडलेल्या. तोच घेतला. दोन्ही बाजूंसाठी दोन घेतले, कारण डाव्याचं वयही तेवढंच. वर दुकानदाराचा प्रेमळ सल्ला, "साहेब, १००/९० चा बल्ब टाका ना, दिवस पडेल रस्त्यावर!" मी मान हलवली. सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. ५५ च्या जागी ९० वॅट म्हणजे तोच रेझिस्टन्स धरला तर पावणेतीनपट उष्णता. जुन्या वायरिंगला हे झेपणारं नाही, आणि समोरच्या माणसाचे डोळे जातात ते वेगळंच. (हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब ठोकणाऱ्यांबद्दल एकदा स्वतंत्र लिहायचंय. प्रकाश जिथून निघायला हवा तिथून निघत नाही, म्हणून तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. असो.)

आता प्रत्यक्ष काम. १० नंबरच्या पान्यानं आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. दिव्यामागची रबरी टोपी काढली, होल्डर ओढला, स्प्रिंग बाजूला करून बल्ब काढून ठेवला. काचेला बोट न लावता! हॅलोजनची काच प्रचंड तापते, बोटाचं तेल लागलं की तिथे ती जास्त तापून बल्ब लवकर मरतो.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. तिन्ही तारा एकदम कापायच्या नाहीत. एक कापायची, जोडायची, मग दुसरी. नव्या होल्डरच्या तारांचे रंग गाडीच्या रंगांशी जुळतीलच असं नाही, माझ्या बाबतीत एकही जुळला नाही. त्यामुळे रंग सोडून द्यायचे आणि जुनी तार कुठल्या पिनेवर जात होती ते बघून नवी त्याच पिनेची घ्यायची.

जुनी तार सोलली तर आत तांबं काळं ठिक्कर. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही आणि दाबलेला जोडही नीट होत नाही. म्हणून मागे मागे कापत गेलो, शेवटी दोन इंचांवर लखलखीत तांबं लागलं. तिथे क्रिम्पिंगच्या पकडीनं जोड दाबले, ओढून बघितले आणि वरून हीट श्रिंक नळ्या चढवून लायटरनं आकसवल्या. नळी जोड दाबायच्या आधी तारेत ओवून ठेवायची असते, एवढं लक्षात ठेवा. तिन्ही जोड एकाच ठिकाणी येऊ दिले नाहीत, पुढेमागे ठेवले, म्हणजे उद्या एखादी नळी फाटली तरी एक जोड दुसऱ्याला टेकणार नाही. आणि गॅरेजची ती सुप्रसिद्ध काळी चिकटपट्टी वापरली नाही, कारण इंजिनच्या उष्णतेत तिचा गोंद पाघळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती नुसती लोंबत राहते.

रबरी टोपी नीट बसवली (नाहीतर पावसात आत वाफ धरते), बॅटरी जोडली, परत मोजलं. उजवीकडे १३ व्होल्ट.

अंधार पडल्यावर गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर लावली. दोन्ही ठिपके सारखे पांढरे. डिपरवर अर्धा तास चालू ठेवून, दिवा बंद करून तारांना हात लावून बघितला. कोमट, बस. डावीकडचा होल्डर रविवारी बदलला. तोही आतून पिवळा पडायला लागला होताच.

बाबा खुर्ची टाकून सगळं बघत होते. मला वाटलं आता कौतुक करतील. ते उठले, तपकिरी होल्डर उचलून दिव्याच्या उजेडात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "याच्या दोन पिना तर चांगल्या आहेत रे." होल्डर आता ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, त्या दोन बल्बांशेजारी.