उतारावर लावलेला ट्रॅक्टर

लेबर डेचा लाँग वीकएन्ड आला की अमेरिकेतली आपली मंडळी न्यूयॉर्क गाठतात, नाहीतर व्हेगस. मी गेले माउंट प्लेझंटला. तुम्ही म्हणाल, हे कुठे आलं? आयोवा राज्यात, मैलोन्‌मैल पसरलेल्या मक्याच्या शेतांमध्ये. माझा चुलत भाऊ त्याच राज्यात ट्रॅक्टर डिझाइन करतो. ‘जुने ट्रॅक्टर बघायला येतेस?’ असं दादानं विचारलं, तेव्हा मनात म्हटलं, गेला वीकएन्ड! पण तिथे पोचल्यावर तासाभरातच मी कॅमेरा बॅगेत टाकला आणि नुसती ऐकत बसले.

‘ओल्ड थ्रेशर्स रीयुनियन’ ही १९५० साली सुरू झालेली पाच दिवसांची जत्रा. हो, जत्राच. आइस्क्रीमच्या रांगा, कोळशाचा धूर, खांद्यावर बसलेली पोरं आणि वाफेच्या इंजिनाला लांबलचक पट्टा जोडून चाललेली मळणी. शिवाय ओळीनं उभे असलेले ट्रॅक्टर. हिरवे, लाल, नारिंगी. काही नव्या नवरीसारखे चकाचक. काहींचा रंग मात्र मुद्दाम तसाच ठेवलेला, पाय ठेवायच्या जागी बुटांनी घासून गेलेला.

एका हिरव्या जॉन डिअरपाशी सत्तरीपुढचे एक आजोबा उभे होते. याला चावी वगैरे काही नाही. दोन्ही सिलिंडरचे छोटे कॉक उघडायचे म्हणजे आतला दाब कमी होतो, मग डाव्या बाजूचं जड फ्लायव्हील हातानं फिरवायचं. इंजिनानं पकड घेतली की कॉक बंद. त्यानंतर जो आवाज येतो तो सॉलिड! फट्‌-फट्‌... फट्‌-फट्‌... दोन ठोके लागोपाठ आणि मग जरा उसंत. कंपनीनं १९६०पर्यंत असे दोन सिलिंडरचे ट्रॅक्टर बनवले. लोकांनी त्यांचं नावच ठेवलं, ‘जॉनी पॉपर’.

‘वडील शेताच्या कुठल्या टोकाला आहेत, ते आईला या आवाजावरून कळायचं,’ आजोबा म्हणाले. ‘मग ती पानं घ्यायची.’ म्हणजे त्यांच्या भाषेत टेबल लावायची. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि नातीला पुढे बोलावलं. पोरगी असेल पंधरा-सोळाची. दोनदा फ्लायव्हील नुसतंच फिरलं. आजोबा हात मागे बांधून गप्प उभे. तिसऱ्यांदा ‘फट्‌’ झालं आणि आजूबाजूच्या अनोळखी लोकांनीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेत एक बुटका, राखाडी फर्ग्युसन होता, १९४८ ते ५१च्या दरम्यान डेट्रॉइटमध्ये बनलेला. दादा थेट त्याच्या मागे जाऊन उकिडवा बसला. खाली दोन दांडे, वर एक. पूर्वी नांगर नुसताच मागून ओढत न्यायचे. तो दगडात अडकला, की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि कधी कधी चालकासकट तो मागे उलटायचा. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं नांगर या तीन दांड्यांवर ट्रॅक्टरलाच जोडला. जमीन कडक लागली, की वरच्या दांड्यावर दाब येतो आणि हायड्रॉलिक लिफ्ट नांगर आपोआप जरा उचलते. १९५३मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढे नाव झालं ‘मॅसी फर्ग्युसन’.

मॅसी! सांगलीकडे आमच्या आबांचा लाल मॅसी होता. मागे हेच तीन दांडे. आम्हा नातवंडांना तो आठवतो तो गोठ्याशेजारी बंद पडलेला, सीटवर कोंबडी बसलेला. आबा गेले आणि तो भंगारात गेला. घरात त्याचा एक फोटो आहे, तोही खरं तर आत्याच्या लग्नाचा. ट्रॅक्टर कडेला अर्धाच आलाय. त्याचा आवाज आमच्यापैकी कुणीच ऐकलेला नाही. तो ऐकलेलं एकच माणूस आता उरलंय. धाकटे काका.

रात्री दादाच्या घरून काकांना फोन लावला. गावाकडे सकाळ झाली होती. ‘काका, आबांचा ट्रॅक्टर चालू कसा करायचे?’ आधी ते हसले. मग सुटलेच. थंडीत बॅटरी उतरायची म्हणून आबा ट्रॅक्टर कायम देवळापुढच्या उतारावर लावायचे. चाकाखाली दगड. पहाटे दगड काढायचा, गाडी ढळू द्यायची, गिअर टाकून क्लच सोडायचा. ‘दगड मी काढायचो,’ काका म्हणाले. ‘सात वर्षांचा होतो.’ मी हे सगळं रेकॉर्ड करत होते.

‘आणि आवाज कसा यायचा?’

काकांनी घसा खाकरला आणि चक्क तोंडानं इंजिन चालू केलं. आधी अडखळत, मग एका लयीत. दादा डोळे मिटून ऐकत होता. बोटांनी टेबलावर ठेका धरत तो हळूच म्हणाला, ‘तीन सिलिंडर.’